सरांना हट्टी कान पाहिजे होता

त्या सरांना कुणी नमस्कार केला तर ते नमस्कार घ्यायचे नाहीत. सरळ विचारायचे, "काल काय कळलं?"

पोरांना विचारलं तर ठीक, पोरं त्यांची. पण हा माणूस दूधवाल्याला विचारायचा, ऑटोवाल्याला विचारायचा, आपल्या कॉलेजच्या प्राचार्यालाही विचारायचा. मला पहिल्यांदा भेटले तेव्हा मी कॉलेजच्या पायरीवर काठी टेकून उभा होतो. मी रीतीनं राम राम घातला. समोरून तेच आलं.

मी म्हणालो, "काल असं कळलं की नांदेडच्या मास्तर लोकांत आदब राहिली न्हाई."

"कशावरून?"

"तुमच्यावरून."

"एका माणसावरून सगळ्यांचं ठरवलं?"

"ठरवलं."

"बदलणार न्हाई?"

"न्हाई."

"हौद्री!" सर एकदम खूश झाले. ते निलंग्याकडचे, कानडीच्या काठावरचे. 'बरोबर आहे जी' म्हणायचं असलं की त्यांच्या तोंडून तसं निघायचं. मग त्यांनी बाजारात बैल बघावा तसं मला खालून वर बघितलं अन् वर्गात निघून गेले. मला लई राग आला होता. बैल म्हणून माझी निवड झाली होती, हे पुढं कळलं.

मी तिसरी शिकलेला माणूस. तिसरीही पुरी नाही. त्याची मला कधी लाज वाटली नाही. उमरीकडं शेत कसलं, विहीर पाडली, पोरांना शिकवलं. म्हातारी गेल्यावर शेत बटईनं, वाट्यानं कसायला दिलं अन् नांदेडला पोराकडं आलो. लिहिता मला येतं. अक्षर मोठं अन् वाकडं आहे, पण माझं आहे. हेही मीच लिहितोय, नात फक्त काना-मात्रा बघते.

त्या नातीपायीच मी कॉलेजच्या पायरीवर उभा होतो. तिचं नाव ऋतुजा.

आमच्याकडं पोरगं हुशार निघालं की ऊस कारखान्याला घालावा तसं त्याला लातूरला घालतात. ऋतुजा दहावीला हुशार निघाली. लातूरला खोली केली, शिकवणी लावली. माझा पोरगा मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, अडत्याकडं मुनीम, त्यानं सगळं केलं. पोरगीनंही केलं. पुस्तकाची पुस्तकं तोंडपाठ. सुट्टीत घरी आली की झोपेत बडबडायची, तेही अगदी पुस्तकातलं. मला त्याचं कौतुक होतं. मलाही भजनं पाठ आहेत, शंभराच्या वर. पाठांतर आमच्या घरात आहे असं मी चार माणसांत सांगायचो.

बारावीचा भौतिकशास्त्राचा पेपर आला. पहिल्या उत्तराचा पहिला शब्द तिला आठवला नाही. पहिला नाही म्हणून दुसरा नाही. दुसरा नाही म्हणून काहीच नाही. पोरगी पेपर सुटेपर्यंत बसली अन् कोरा पेपर देऊन बाहेर आली. पुढच्या पेपरांना गेलीच नाही.

त्यानंतर ती घरात असायची अन् नसायची. हाक मारली तर यायची, पण बोलायची नाही. पुढं स्वतःच म्हणाली, पुन्हा अकरावीपासून करते, आर्ट्सला. त्यात मानसशास्त्र घेतलं. तिच्या बापानं कपाळाला हात लावला. "बाबा, ते येड्यांच्या दवाखान्याचं शिक्षण हाय," म्हणाला. मी तिला विचारलं, "माय, हेच का घेतलं?"

ती म्हणाली, "आबा, मला काय झालं ते त्यात कुठं तरी लिहिलेलं असंल."

बापानं एक अट घातली. ह्या बारावीला पुन्हा तसं झालं तर कॉलेजचं नाव काढायचं नाही. ती अट त्याच्यापरीनं बरोबर होती. मला मार्कांचं काही नव्हतं, मार्क गेले चुलीत. ह्या पोरीनं हॉलमध्ये बसून पेपर लिहिला पाहिजे, एवढं एकच मी देवापाशी मागत होतो. नाहीतर ती जन्मभर अशीच घरात असून नसल्यासारखी राहील, याची मला धास्ती होती.

म्हणून मी तिला सोडायला जायचो, अन् म्हणून सर माझ्या नशिबी आले.

ते तासावर पगार घेणारे मास्तर. कायमची नोकरी नाही, पण मिजास कायमच्या माणसाची. अंगानं काडी, आवाज मात्र ढोलासारखा. खुर्चीवर बसलेले मी त्यांना कधी बघितले नाहीत. वर्गात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत शिकवायचे अन् पोरांच्या माना पंख्यासारख्या फिरायच्या. वर्षाच्या पहिल्या दिवशी ते सगळ्या पोरांचे रंगीत पेन गोळा करून बिस्किटाच्या डब्यात कोंडायचे. पिवळे, गुलाबी, हिरवे. शेवटच्या दिवशी परत. एका पोराच्या बापानं येऊन विचारलं, पेन का घेतले? सर म्हणाले, "तुमचं पोरगं पुस्तकात रेघा ओढतं अन् त्याला वाटतं अभ्यास झाला. बांधावर उभं राहून शेताकडं बघितलं म्हणजे नांगरट झाली का?"

नुसतं वाचण्याला ते अभ्यास म्हणायचेच नाहीत. "वाचणं म्हणजे दुकानात उभं राहून कापड बघणं. घरी काय आणलंस ते दाखव." एक पान वाचायचं, पुस्तक मिटायचं, अन् काय राहिलं ते बोलून दाखवायचं. राहिलं नाही ते पुन्हा उघडून बघायचं. असा त्यांचा हुकूम होता.

धडा कधी ते एका दमात पुरा करायचे नाहीत. ऐन रंगात आला की थांबायचे. "आता विसरा," म्हणायचे. "चार दिवसांनी विचारतो." पोरं म्हणायची, सर, विसरल्यावर कसं सांगणार? "थोडं विसरलं पाहिजे. मग ओढून काढायला जोर लागतो. जोरानं काढलेलं टिकतं." अन् चार दिवसांनी विचारायचेच. पुन्हा पंधरवड्यानं. पुन्हा महिन्यानं, तेही भलत्याच ठिकाणी. एकदा भाजीबाजारात वांग्याच्या ढिगापाशी त्यांनी एका पोराला गाठलं. "सांग, अल्पकालीन स्मृती म्हणजे काय?" पोरगं आईच्या मागं दडलं. आई म्हणाली, "मास्तर, बाजारात तरी सोडा हो लेकराला." सर म्हणाले, "मावशी, बाजारातच आलं पाहिजे. वर्गात काय, ऐकून ऐकून भिंतीला बी येतं."

रात्र जागून अभ्यास केला असं कुणी फुशारकीनं सांगितलं तर त्याला ते तिथंच मागच्या बाकावर आडवं व्हायला लावायचे अन् बाकीच्यांना म्हणायचे, "हळू बोला, बिचाऱ्याचं डोकं रात्रीचा माल अजून उतरवून घेऊन राहिलं."

लोक त्यांना अर्धवट म्हणायचे. मीही म्हणायचो. पण त्यांचं खरं येडेपण वेगळं होतं. ते पोरांकडून कान मागायचे.

दर पोरानं आपल्या घरातला, गल्लीतला एक माणूस धरायचा. अट एकच, तो शिकलेला नसावा. वर्गात झालेलं दर आठवड्याला त्या माणसाला समजावून सांगायचं. तो माणूस म्हणजे त्या पोराचा कान. अन् शनिवारी दुपारी सर कानांना वर्गात बोलवायचे. कान पुढच्या बाकांवर, पोरं मागं. प्रश्न कानांना, मार्क पोरांना.

ऋतुजानं मला कान धरलं. मी हो म्हणालो, पण मनात ठरवलं, आपल्यामुळं पोरीचा एक मार्क जाता कामा नये. तिला म्हणालो, "मला ते समजावत बसू नको माय. तू पुस्तकातलं नेमकं सांग, मी पाठ करतो." ती लगेच तयार झाली. तेवढंच तर तिला येत होतं. सकाळ-संध्याकाळ आम्ही दोघं घोकायचो. सून म्हणायची, घरात भजनी मंडळ बसलंय.

शनिवार आला. धुतलेलं धोतर, पांढरी टोपी घालून गेलो. माझ्या शेजारी इतवाऱ्यात बांगड्या भरणारी एक चाची बसली होती. तिची नात ऋतुजाच्या वर्गात. सरांनी आधी चाचीला उठवलं. त्या आठवड्याला कुत्र्याचा धडा होता. परदेशातल्या एका शास्त्रज्ञानं कुत्र्याला घंटा वाजवून खायला दिलं, मग नुसती घंटा वाजली तरी कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटायला लागलं, तो.

चाची म्हणाली, "सर, आमची बकरी हाय ना, पातेल्याचा आवाज आला का पळत येते. अब मैं खाली पातेला बजाती, तरीबी येते. भाकर से मतलब नहीं रहा उसको, आवाज से हो गया." मग म्हणाली, "याचा मतलब बकरी बेवकूफ हाय."

"शेवटचं चुकलं," सर म्हणाले. "पण चूक तुमची स्वतःची हाय चाची, पुस्तकातली न्हाई. तुमच्या नातीला पुरे मार्क."

मला हसू आलं. चुकलेल्या बाईला पुरे, मग आपल्याला काय देतील? मी उठलो, घसा साफ केला अन् सुरू झालो. "अभिजात अभिसंधान म्हणजे तटस्थ उद्दीपक आणि नैसर्गिक उद्दीपक यांची वारंवार जोडी लावली असता तटस्थ उद्दीपकालाही तीच प्रतिक्रिया मिळू लागणे होय."

एक मात्रा चुकली नाही. मागं पोरांनी टाळ्या वाजवल्या. चाची म्हणाली, "माशाल्ला!"

सर म्हणाले, "म्हणजे काय?"

"म्हणजे हेच."

"तटस्थ म्हणजे?"

"ते हिनं सांगितलं न्हाई."

"तुम्ही विचारलं न्हाई?"

"मी कशाला विचारू? पाठ करायचं होतं, केलं."

"बरं. 'वारंवार जोडी'च्या पुढं सांगा."

मी तोंड उघडलं. पुढचं येईना. मनात मागं गेलो, अभिजातपासून पळत आलो, तेव्हा कुठं जोडीच्या पुढचं सापडलं. सर सगळं बघत होते. म्हणाले, "आता पहिला शब्द विसरा अन् सांगा."

तो कसा विसरणार? अन् विसरला तर बाकीचं येणार कुठून?

"ऋतुजा," सर म्हणाले, "शून्य."

माझ्या डोक्यात आग गेली. "पोरीला शून्य कशापायी? चुकलं असंल तर माझं चुकलं!"

"तुमचं काय चुकलं? तुम्ही पाठ केलं, जसं हिनं लातूरला केलं. पहिला शब्द काढून घेतला की तुम्ही बी कोरे."

ऋतुजा मान खाली घालून बसली होती. त्या बोलण्यावर तिनं मान वर केली अन् सरांकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं. तिला काय झालं होतं ते तिनं पहिल्यांदा बाहेरून बघितलं, माझ्या तोंडावर. हे मला आज कळतं. त्या वेळी मला फक्त माझी इज्जत दिसत होती.

"तुमच्या वर्गात मी पुन्हा पाय ठेवणार न्हाई," म्हणालो अन् निघालो. मागून सरांचा आवाज आला, "नका ठेवू. कान ठेवला तरी चालंल." पोरं हसली. मी फाटकापर्यंत मागं वळून बघितलं नाही.

अन् खरंच गेलो नाही. ऋतुजानं एक-दोनदा विचारलं, मग सोडून दिलं. पुन्हा खोलीचं दार लावून मोठ्यानं वाचायला लागली. आवाज दाराबाहेर यायचा अन् मला त्यातलं एक अक्षर कळायचं नाही.

जानेवारीत सराव परीक्षा झाली. मानसशास्त्राच्या पेपरात दोन उत्तरं लिहिली, तिसऱ्याला अडली, अन् बसून राहिली. घरी आली ती तशीच, लातूरहून आली होती तशी. चेहऱ्यावर काहीच नाही. तिचा बाप जेवता जेवता म्हणाला, "मुख्य परीक्षेला बसवायचं तरी कशाला? पुन्हा तमाशा. बाबा, तुम्हीच सांगा तिला." मी सांगितलं नाही. पण बसू दे तिला, असंही म्हणालो नाही. मलाही दुसरी वाट दिसत नव्हती.

रविवारी सर घरी आले. येऊन उंबऱ्यावरच बसले.

मी म्हणालो, "उंबऱ्यावर बसू नये."

ते सरकले अन् चपलांपाशी बसले. मला वाटलं, माफी मागतील. माफीचं नाव नाही. सुनेनं दिलेला चहा बशीत ओतून भुरके मारत म्हणाले, "आबा, मला कान पाहिजे."

"बाजारात लई कान हायत."

"हायत. सगळे हो-हो म्हणणारे. पोरगी काय बी सांगंल, ते मान डोलावणार. होला हो करणाऱ्याला सांगून कुणाला काय येतं? समोरचा पटत न्हाई म्हणाला तर सांगणाऱ्याला दुसरा शब्द शोधावा लागतो. तो बी पटला न्हाई तर तिसरा. असे चार शब्द सापडले की मग एखादा विसरला तरी बिघडत न्हाई." बशी खाली ठेवली. "तुमच्यासारखा हट्टी कान मला नांदेडात दुसरा गावला न्हाई. पहिल्या दिवशीच बघून ठेवला होता."

तारीफ होती हे मला कळलं. पण खोटी नव्हती, म्हणून ठेवून घेतली.

"मला पटलं न्हाई तर मी पटलं म्हणणार न्हाई," मी म्हणालो. "देवाला म्हणालो न्हाई, तुम्हाला काय म्हणणार."

"तेच पाहिजे. पटेपर्यंत तिला सोडू नका. अन् पुस्तक तिच्या हाताला लागू देऊ नका."

तेव्हापासून संध्याकाळी आमची बैठक. पुस्तक मी मांडीखाली घेऊन बसायचो. ऋतुजा समोर. पहिले काही दिवस ती दोन वाक्यं बोलायची अन् हात पुढं करायची, "आबा, एकदाच बघू द्या." मी नाही म्हणायचो. रडायची. रडली तरी नाही. मन मारून सांगायला लागली. भावना म्हणजे काय सांगितलं, मी म्हणालो, पटत नाही. ताण म्हणजे काय सांगितलं, मी म्हणालो, आमच्या काळी ताण नव्हता. ती म्हणाली, "पुस्तकात हाय." मी म्हणालो, "पुस्तक कुणी लिहिलं? माणसानंच ना? मला तू सांग." तिला राग यायला लागला. राग आला की ती शब्द शोधायला लागायची. मला मजा वाटायची, पण तोंडावर दाखवत नव्हतो.

एका संध्याकाळी आठवणीचा धडा निघाला. ती म्हणाली, माणसाची आठवण पेटीत ठेवल्यासारखी जशीच्या तशी राहत नाही, दर वेळेला नव्यानं तयार होते.

मी म्हणालो, "साफ खोटं. मला तिसरीतलं सगळं आठवतं. मास्तरनं मला विनाकारण मारलं, मी त्याच्या हातातली छडी हिसकून गुडघ्यावर मोडली अन् ताठ मानेनं शाळेतून निघालो. आता मास्तर डोळ्यांपुढं उभा हाय."

"छडी?" ऋतुजा म्हणाली. "आबा, दिवाळीला सांगितलं तेव्हा पाटी होती. पाटी आपटून फोडली अन् निघालात."

"काय बी."

"आई! आबांनी काय मोडलं होतं शाळेत?"

सून चुलीपासून म्हणाली, "मला लग्न होऊन आल्या आल्या सांगितलं तेव्हा तर मास्तरच पळाला होता."

मी भडकलो. "म्हणजे मी खोटारडा?"

मग ती उठून उभीच राहिली. बापासमोरसुद्धा वर न होणारा आवाज तिचा, गल्लीत ऐकू गेला असंल. "खोटारडं कोण म्हणतंय? खोटं बोलणाऱ्याला खरं काय ते ठावं असतं. तुम्हाला ठावंच न्हाई! आठवण म्हणजे पेटीतलं लुगडं न्हाई आबा, की काढलं अन् घडी तशीच. आठवण म्हणजे पिठलं. दर वेळेला नव्यानं शिजवायचं, अन् त्या दिवशी घरात जे असंल ते त्यात पडायचं. शाळा सुटली ते खरं हाय. तुम्हाला लागलं ते खरं हाय. बाकीचं तुम्ही ज्या दिवशी जेवढा राग असंल तेवढं घालता. दिवाळीला कमी होता म्हणून पाटी. आज मी तोंड वर केलं म्हणून छडी. अन् जितक्या वेळा सांगता तितकं पक्कं वाटतं, पण पक्कं वाटणं वेगळं अन् खरं असणं वेगळं. साक्षीदार सुद्धा चुकतात ते यामुळंच. दोन माणसं एकच भांडण बघतात अन् दोन भांडणं सांगतात, दोघं बी शपथेवर!"

ती बोलत होती अन् थांबत नव्हती. उदाहरणामागं उदाहरण. एक शब्द अडला तर हातानं झटकून दुसरा घेत होती. पुस्तक माझ्या मांडीखाली होतं अन् तिला त्याची आठवणही नव्हती. तिचा बाप मोंढ्यातून आला तो दारातच थबकला. मी त्याला हातानं खुणावलं, बोलू नको.

ती दमून थांबली तेव्हा मी म्हणालो, "मला पटलं न्हाई."

"नका पटवून घेऊ!" म्हणाली अन् आत गेली. पुन्हा बाहेर आली. "उद्या पटवते."

बापानं पुढं परीक्षेला बसू नको असं कधी म्हटलं नाही.

मानसशास्त्राच्या पेपराच्या दिवशी मी तिच्याबरोबर ऑटोनं गेलो. फाटकापाशी सर आधीच हजर. येईल त्या पोराच्या हातातलं पुस्तक काढून घ्यायचे अन् आपल्या स्कूटरवर रचायचे. "आता बघून घाबरण्याशिवाय काय मिळणार हाय?" अन् पोरांना विचारायचे, काल रात्री कुणाच्या घरी काय भाजी होती. पोरं हसायची. ऋतुजा हसली नाही. सरांनी तिला विचारलं, तेव्हा तिला घरी काय भाजी होती तेही सांगता येईना. सर म्हणाले, "आठवंना? मग काय करायचं?"

ती हळूच म्हणाली, "दुसरीकडून यायचं."

"जा."

घंटा झाली. पोरं आत गेली. आम्ही दोघं लिंबाखाली थांबलो. पेपर सुटायच्या जरा आधी सरांनी स्कूटरला किक मारली. मी म्हणालो, "थांबा की, पोरं आता बाहेर येतील."

"म्हणून तर चाललो. मी दिसलो की उत्तरं तपासत बसतील. झालेल्या पेपराचं मढं उकरून काय करायचं? परवा दुसरा पेपर हाय." अन् गेले. त्यांच्या पोरांनी काय लिहिलं, ते बघायचा मोह या माणसाला नव्हता. का होता अन् तो आवरायचाच हा उपाय होता, कुणास ठाऊक.

पोरं बाहेर आली. गर्दी पांगली. ऋतुजा दिसेना. मला लातूर आठवलं. मी फाटकाच्या गजाला धरून उभा होतो. सगळ्यांच्या मागून ती आली. बोटाला शाई लागलेली.

"आबा," म्हणाली, "पुरवणी घेतली."

दिलेल्या कागदात लिहिणं मावलं नाही की जास्तीचा कागद मागतात, त्याला पुरवणी म्हणतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पण तिच्या तोंडाकडं बघून कळलं. मी तिथंच फुटपाथवर बसलो.

ऑटोत ती सांगत होती. पहिला प्रश्न बघितला अन् तसंच झालं, सगळं पांढरं. मग तिनं तो सोडला अन् मधूनच सुरू केलं. आठवणीचा प्रश्न होता. "उदाहरण द्या म्हणाले होते. तुमचं दिलं."

"माझं काय दिलं?"

"शाळेचं."

"काय लिहिलंस? पाटी का छडी?"

"दोन्ही. अन् पळालेला मास्तर बी."

म्हणजे कुठल्या तरी जिल्ह्यात बसलेल्या, मी तोंड न बघितलेल्या माणसानं माझी गोष्ट वाचली, अन् ती अशी की हा म्हातारा बदलून बदलून सांगतो. घरी येईपर्यंत मी तिच्याशी बोललो नाही. ती मात्र बोलतच होती. ते ऐकायला मला बरं वाटत होतं.

निकाल लागला. पास झाली. पहिली-बिहिली नाही, मधली. तिच्या बापानं अडत्याच्या दुकानात साखर वाटली. मी सरांना सांगायला गेलो. मार्क किती ते त्यांनी विचारलंच नाही. ऋतुजानं छडी-पाटीचं भांडण त्यांच्या कानावर आधीच घातलं होतं. मला म्हणाले, "आबा, खरं सांगा. त्या दिवशी शाळेत काय मोडलं होतं?"

छडी म्हणायला मी तोंड उघडलं. अन् माझ्या डोळ्यांपुढं मास्तर आला, पण त्याचे हात मोकळे होते. माझ्याही हातात काही नव्हतं. एक पोरगं दप्तर न घेता धावत होतं अन् मागून कुणी तरी हाका मारत होतं. ते कुठून आलं, मला माहीत नाही. अशी आठवण मी कधी कुणाला सांगितलेली नव्हती.

"छडी," मी म्हणालो.

सरांनी मान डोलावली. "पुढल्या साली पुन्हा विचारतो," म्हणाले.

पुढल्या साली नांदेडच्या कॉलेजात त्यांचे तास राहिले नाहीत. शिरूर अनंतपाळकडं कुठं तरी शिकवतात असं चाचीच्या नातीनं सांगितलं. फोन नाही, निरोप नाही. ऋतुजा आता पुढं मानसशास्त्रच शिकते अन् सुट्टीला आली की माझ्यासमोर बसून भांडते.

पण सर विचारतो म्हणाले होते, तर येतील कधी तरी. ते विसरणारे नव्हेत. माझं उत्तर तयार आहे. दर साली थोडं बदलतं, पण तयार असतं.